मूळचे सामान

आमच्या साताऱ्याच्या घरी मागच्या अंगणाला लागून एक गोठा आहे. गोठा म्हणायचे ते केवळ जुन्या सवयीने. त्यात गाय बांधल्याला आता नव्वद वर्षे होत आली. १९३६ साली आजोबांनी मोटार घेतली आणि तिला जागा हवी म्हणून गाय शेजारच्यांना देऊन टाकली. आजी पुढे कित्येक वर्षे मोटारीकडे पाहून म्हणे, "गाय दूध तरी देत होती."

आजोबा डॉक्टर होते. मेढा, कोरेगाव, रहिमतपूर या बाजूंना रोगी पाहायला जायचे, तर आधी घोडा, मग भाड्याचा टांगा आणि शेवटी ही मोटार. मोटार म्हणजे मॉरिस एट. चार सिलिंडरांचे ९१८ सी. सी. चे लहानसे इंजिन. विलायतेतल्या कराच्या हिशेबाने तिची ताकद आठ घोड्यांची, म्हणून नाव 'एट'. एका घोड्यावरून आठ घोड्यांवर गेलेल्या आजोबांचा रुबाब काय वर्णावा! खेड्यात शिरताना ते भोंगा वाजवीत, आणि निम्मे रोगी त्या भोंग्यानेच उठून बसत, असे आमच्या घरात सांगत.

आजोबा १९५० साली गेले. वाटण्या झाल्या. घर नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आले, शेत काकांकडे गेले, आणि मोटार मात्र 'दोघांची' राहिली. दोघांची वस्तू म्हणजे भांडणाचे बियाणे, हे शहाण्या माणसांना सांगायला नको. पण नाना वकील होते आणि काका मिरजेला रेल्वेत कारकून होते. दोघेही शहाणेच होते, त्यामुळे त्यांना कोणी सांगितले नाही.

चार वर्षे मोटार गोठ्यात पडून राहिली. १९५४ च्या पावसाळ्यात काका रजा काढून आले आणि ट्रकच्या मागे बांधून तिला मिरजेला घेऊन गेले. दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, ती आपल्या पायांनी परत आली. काका चालवीत होते, आणि शेजारच्या सीटवर त्यांची मुलगी, आमची ताई, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसली होती. ती आठ वर्षांची होती आणि मी पाच. मला त्या दिवसाचे फार थोडे आठवते. भोंगा आठवतो, काकांचे हसू आठवते, आणि नानांनी बॉनेट उघडल्यावर आत चमचम करणारे सामान आठवते.

नाना बराच वेळ आत पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "हे आप्पांच्या गाडीचं सामान नव्हे."

काका म्हणाले, "नाना, अरे, नीट बघ तरी."

"बघितलं. मूळचं सामान विकलंस, आणि बाजारातलं जुनंपुराणं पॉलिश करून भरलंस. मला काय मोटारीतलं कळत नाही म्हणून?"

काका पुढे एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी किल्ली ओसरीवर ठेवली, ताईचा हात धरला आणि ते एस. टी. च्या स्टँडकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. मला सख्खी बहीण नाही. दर वर्षी ताईच मला ओवाळायची. त्या वर्षी आईने पाट मांडला आणि पुन्हा उचलून ठेवला. तेव्हापासून तो भाऊबीजेला मांडला गेला नाही.

गोठ्याला कुलूप लागले. नानांनी ती मोटार चालवली नाही आणि विकलीही नाही. १९७८ साली काका गेले. नाना मिरजेला गेले, पण दारापर्यंत जाऊन परत आले. १९९१ साली नानाही गेले. आम्हां मुलांना वारसा मिळाला तो असा: एक मोटार आणि एक समजूत. समजूत अशी, की काकांनी आजोबांच्या गाडीचे मूळचे सामान विकले.

अशा समजुती घरात पितळेच्या भांड्यांसारख्या असतात. त्या कोणी आणल्या हे कोणाला आठवत नाही, आणि त्या मोडीत काढाव्यात असे कोणाला वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातवाने हे कुलूप उघडायला लावले. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले. अशा गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नातू म्हणाला, "आजोबा, आपली गाडी नोंदवू या." नियम वाचला. गाडी मूळ रूपात जपलेली हवी, तिच्यात फार मोठे फेरफार झालेले नसावेत. मी मनात म्हटले, म्हणजे सरकारही नानांचाच प्रश्न विचारते आहे: मूळचे किती आणि बदललेले किती?

पुण्याचे एक म्हातारे मिस्त्री जुन्या मोटारींचे जाणकार आहेत, असे कळले. त्यांना साताऱ्याला बोलावले. ते आठ दिवस आमच्याकडे राहिले. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, पण गाडीखाली पाठ टेकून सरकत तेव्हा माझा नातू शरमून जाई. मी मोठ्या उत्साहाने घराण्याचा इतिहास सांगू लागलो, तसे ते म्हणाले, "साहेब, कागदावर जाऊ नका. मालक सांगतो त्यावर तर मुळीच जाऊ नका. आधी गाडी पुसा."

म्हणून आम्ही गाडी पुसली. रॉकेल, चिंध्या, दात घासायचे दोन जुने ब्रश आणि माझे भिंग, एवढ्या साहित्यावर आमची शाळा सुरू झाली.

पहिला धडा चकाकीचा. १९३० च्या सुमारापर्यंत मोटारीच्या पितळी भागांवर निकेलचा मुलामा देत. पुढे क्रोमियम आले. दोन्ही चांदीसारखेच दिसतात, पण शेजारी शेजारी ठेवले की निकेलवर पिवळसर, उबदार झाक असते आणि क्रोमवर निळसर, गार. आमच्या रेडिएटरची चौकट क्रोमची निघाली आणि चाके तारांची. मिस्त्री म्हणाले, "पहिल्या सिरीजची आहे. पुढच्या सिरीजला ही चौकट रंगवलेली येते आणि चाकं बंद पत्र्याची." म्हणजे १९३५ ते १९३७ मधली. आजोबांचे १९३६ तिथे बरोबर मधोमध बसले.

दुसरा धडा आट्यांचा. मिस्त्रींच्या थैलीत तीन जातींचे पाने होते. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४१ साली आट्यांचे माप ठरवून दिले. त्याच्या आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा. अमेरिकनांचा साठ अंशांचा. १९४८ साली अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी मिळून एक माप ठरवीपर्यंत ही दोन घराणी वेगळीच नांदत होती. नुसत्या बोल्टावरून माल कुठल्या देशाचा आणि साधारण कुठल्या काळाचा, हे कळू शकते. पण मॉरिसच्या इंजिनाचा बोल्ट काढला आणि मी चकित झालो. बोल्टाचे डोके व्हिटवर्थच्या पान्यात बरोबर बसत होते आणि आटे मात्र मेट्रिक होते! त्याची हकीकत अशी: हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीने पहिल्या महायुद्धात कॉव्हेंट्रीला बंदुकांचा कारखाना काढला होता. युद्ध संपल्यावर तो मॉरिससाठी इंजिने करू लागला आणि १९२३ साली मॉरिसने तो विकतच घेतला. यंत्रे फ्रेंच मापाची होती, ती कोण बदलणार? म्हणून आटे फ्रेंच राहिले, आणि गिऱ्हाइकाजवळचा पाना चालावा म्हणून डोके इंग्रज केले. त्यामुळे बाजारातला दुसरा बोल्ट त्या जागी कोणी दडपून बसवला असेल, तर भोक लगेच चुगली करते. आमच्या इंजिनाचे एकही भोक चुगली करीत नव्हते.

तिसरा धडा स्क्रूंचा, आणि तो मला महाग पडला. चौफुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३६ पासून अमेरिकेत मोटारींना लागू लागले. त्या वेळच्या इंग्रजी गाडीत सरळ खाचेचेच स्क्रू हवेत. मिस्त्रींनी दारावरच्या आरशाला बोट लावले. "हा नंतरचा. कोणीतरी हौशीने बसवलाय आणि पत्र्याची वाट लावलीय." मी तावातावाने म्हणालो, "काकांचीच करणी असणार." आणि बोलता बोलता आठवले की १९६९ साली कॉलेजात असताना, मित्रांबरोबर फोटो काढायचा म्हणून, नानांच्या नकळत किल्ली काढून तो आरसा मीच बसवला होता. मिस्त्री सज्जन होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. नातवाने मात्र पाहिले.

असे एकेक दिवस जात होते. रात्री जेवणे झाल्यावर मिस्त्री ओसरीवर बसून गोष्टी सांगत. जुना बॅकेलाइटचा भाग ओळखायचा तर अंगठ्याने खसाखसा घासून हुंगावा. कार्बोलिकसारखा वास येतो. आमच्या कार्बुरेटरवरची 'एस. यू.' ही अक्षरे म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर हे जोड्यांच्या व्यापारातले घराणे, त्यामुळे १९०५ च्या त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरात चामड्याचा भाता होता! पेटंटचा आकडा कोरलेला असला तर फारच सोपे. इंग्लंडमध्ये पूर्वी पेटंटांचे आकडे दर वर्षी एकपासून सुरू होत. १९१६ पासून ते १,००,००१ पासून सलग चालू झाले. अमेरिकेत दहा लाखावे पेटंट १९११ सालचे आणि वीस लाखावे १९३५ सालचे, आणि योगायोग असा की ही दोन्ही चाकांच्या आणि टायरांच्याच कामाची! "पण साहेब, एक ध्यानात ठेवा," मिस्त्री म्हणत, "पेटंटचा आकडा सांगतो तो माल त्याच्या आधीचा नाही एवढंच. नंतरचा किती, ते तो सांगत नाही."

खरा धडा शेवटच्या दिवसांत आला. लुकास कंपनीच्या विजेच्या सामानावर त्या काळी महिना आणि वर्ष ठोकलेले असे. दोन लहान आकडे, मध्ये थोडी जागा. रंगाच्या आणि तेलकट धुळीच्या थराखाली ते दडलेले असतात. मिस्त्रींनी मला रॉकेलची चिंधी दिली आणि म्हणाले, "तुम्ही वाचा. घर तुमचं आहे."

पहिला स्टार्टर. भिंग धरले. '११ ३५'. नोव्हेंबर १९३५.

मग डिस्ट्रिब्यूटर. '१२ ३५'. डिसेंबर १९३५.

मिस्त्री हसले. "लेकरू आईच्या आधी जन्मत नाही आणि गाडी तिच्या मूळ सामानाच्या आधी तयार होत नाही. डिसेंबरचा माल, म्हणजे गाडी डिसेंबरात किंवा नंतर जुळवली. मग बोटीनं मुंबई. तुमच्या आजोबांनी ३६ साली घेतली, हे खरं."

मी तिथेच जमिनीवर बसलो. आजोबांचे वर्ष खरे ठरले याचा आनंद मला झाला नाही. मला दिसत होते ते वेगळेच. स्टार्टर मूळचा होता. डिस्ट्रिब्यूटर मूळचा होता. कार्बुरेटर मूळचा होता. बोल्टसुद्धा मूळचे होते. मग विकले काय? काकांनी चार वर्षांचा गंज आणि अठरा वर्षांचे काजळ खरवडून जे उजळले, ते नानांना परके वाटले, इतकेच. नानांनी गाडी नेहमी काळवंडलेली पाहिली होती. पुराव्यावाचून एक वाक्य न बोलणारा वकील. पण या एका खटल्यात पुरावा बॉनेटखाली होता, आणि त्यासाठी वाकावे लागत होते.

"डायनॅमो राहिला," मिस्त्री म्हणाले.

डायनॅमो मात्र निराळा निघाला. '५ ५४'. मे १९५४.

म्हणजे एक वस्तू बदलली होती. माझ्यातला नानांचा मुलगा लगेच जागा झाला. मी विचारले, "हा जुन्या बाजारातला असेल?" आकडा सांगतो तो माल केव्हा केला ते, केव्हा आणि कसा बसवला, ते सांगत नाही. एवढे आता मलाही समजू लागले होते.

मिस्त्रींनी डायनॅमोची पट्टी सरकवली आणि आतले कार्बन काढून माझ्या तळहातावर ठेवले. डायनॅमोत फिरत्या तांब्यावर हे कार्बनचे तुकडे टेकलेले असतात आणि गाडी धावेल तसे ते झिजत जातात. हे जवळजवळ पूर्ण लांबीचे होते. "जुन्या बाजारातल्या डायनॅमोचे कार्बन असे नसतात," ते म्हणाले. "हा कोरा आणून बसवलाय. आणि बसवल्यावर गाडी फार तर दोन-तीनशे मैल चाललीय. त्यानंतर नाहीच."

मिरज ते सातारा. आणि त्याच्या आधीच्या दोन-चार चाचण्यांच्या फेऱ्या. त्यानंतर कुलूप.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून, लहानपणी आम्ही नाण्यांचे काढीत असू तसे, कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून त्या तिन्ही आकड्यांचे छाप घेतले. मिस्त्री पुण्याला गेले. मी मिरजेची गाडी धरली.

ताईचे घर मला विचारत विचारत शोधावे लागले. दार तिनेच उघडले. ऐंशीच्या घरातली बाई, पण मी ओळखले, आणि तिनेही. "ये," म्हणाली. जणू मी भाजी आणायला गेलो होतो. चहा झाला. काय बोलावे हे सुचेना, म्हणून मी ते कागद तिच्यापुढे ठेवले आणि मिस्त्रींनी शिकवलेले सगळे घोकल्यासारखे सांगितले. ती ऐकत होती. '५ ५४' वर आल्यावर तिने तो कागद हातात घेतला.

"त्या दिवाळीला आम्हां भावंडांना नवे कपडे नव्हते," ती म्हणाली. "आई रडली होती. बाबा म्हणाले, यंदा आप्पांच्या गाडीला डायनॅमो घेतला, आपले कपडे पुढल्या वर्षी. मला डायनॅमो म्हणजे काय ते माहीत नव्हतं रे. मला वाटलं, कुणीतरी पाहुणा असेल आणि त्याला आमचे कपडे दिले."

ती हसली. मला हसता आले नाही.

मग ती उठली आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तिथे जमिनीवर एक काळा, जड लोखंडी गोळा ठेवलेला होता. तो मी येताना पाहिलाही होता, वरवंटा असावा असे वाटून पुढे गेलो होतो. "हा बाबांनी कधी टाकू दिला नाही," ती म्हणाली. "गोठ्यातल्या ओलीनं आतून गेला होता म्हणे. दुरुस्त होण्यातला नव्हता. पण म्हणायचे, राहू दे. नानाला एकदा दाखवायचाय."

मी रॉकेल मागितले. ताईच्या घरी रॉकेल आता कुठले? तिने खोबरेल तेल आणि लुगड्याची चिंधी दिली. दोघे जमिनीवर बसून आम्ही तो गोळा पुसला. माझे भिंग मी साताऱ्यालाच विसरलो होतो. तिने आपला चष्मा काढून दिला. '१२ ३५'. डिस्ट्रिब्यूटरचा जुळा भाऊ.

नानांना तो कोणी दाखवला नाही. दाखवायला काका दाराशी येऊ शकले असते आणि नाना आत जाऊ शकले असते. दोघांच्या मध्ये एक उंबरा होता आणि दोघेही एकाच बापाचे होते.

परत आल्यावर नातवाने विचारले, "आता जुना डायनॅमो दुरुस्त करून परत बसवायचा ना? म्हणजे सगळं मूळचं होईल." मिस्त्रीही फोनवर म्हणाले की तार नव्याने गुंडाळली तर होण्यासारखे आहे. मी नको म्हणालो. मूळचे सामान आजोबांच्या पैशाने गाडीबरोबर आले; त्यासाठी कोणाला काही सोडावे लागले नाही. त्या गाडीत बदललेली वस्तू एकच आहे, आणि तीत एका घराची सबंध दिवाळी गेली आहे. ती काढून मी काय जपणार? आरसा मात्र काढून टाकला आहे.

जुना डायनॅमो ताईच्या दाराशीच राहिला. ती म्हणाली, त्याच्यावाचून दार आपटते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे पाट शोधण्याची गडबड चालू असेल. तो माळ्यावर आहे, असे माझी पत्नी म्हणते. भाऊबीजेला ताई साताऱ्याला येणार आहे. स्टँडवर तिला आणायला मोटार न्यावी असा नातवाचा हट्ट आहे. गाडी आता सुरू होते, दिवेही लागतात. ओवाळणीत घालायला मी एक साडी आणली आहे. तिच्यावर कुठेही महिना-वर्ष ठोकलेले नाही. पण ती कुठल्या दिवाळीची आहे, हे ताई भिंगावाचून ओळखेल.